उन्हाची जागा

अधिवेशनामुळे रस्ते बंद, म्हणून तृप्ती गजभिये
दहाची बाराला पोचली झिंगाबाई टाकळीत.
हेल्मेट कठड्यावर ठेवलं,
मोबाईलमधलं होकायंत्र आडवं धरलं
आणि पहिलंच विचारलं:
काकू, तुमच्या इथे सगळ्यात जास्त ऊन कुठे असते?

आता हिला काय सांगू.
एकतीस वर्षं या घरात आम्ही फक्त उलटं शोधलं.
कूलर कोणत्या खिडकीला, माठ कोणत्या कोपऱ्यात,
मे महिन्यात स्कूटर कोणत्या भिंतीशी लावली
म्हणजे सीटवर बसताना किंचाळावं लागत नाही.
सावलीचा नकाशा माग, डोळे मिटून काढून देते.
उन्हाची चौकशी
इथे कोणी केलीच नव्हती.

ती म्हणाली, मे सोडा, मेमध्ये कुठेही मिळते.
पौषातलं मोजायचं असते.
सूर्य कलंडलेला, सावल्या लांबलेल्या, तेव्हा जी जागा उघडी राहील ती आपली.
दर तासाला खडूनं आखून ठेवा. उद्या येते.

दुसऱ्या दिवशी नऊपासून हे आणि मी,
माझ्या शाळेतून निवृत्तीसोबत आलेला खडूचा डबा घेऊन.
टाकीची सावली सगळ्यात आडमुठी.
वास्तुवाल्यानं पाचशे रुपये घेऊन नैऋत्येला बसवलेली,
दोननंतर पाय पसरून अर्ध्या गच्चीवर झोपते.
डिशची छत्री दहा वर्षं बंद आहे,
पण सावली पाडायचं काम तिनं सोडलेलं नाही.
कडुलिंबाची आखताच येईना, नुसता चुरा.
ह्यांनी कंटाळून तिथे ‘लिंब’ एवढंच लिहिलं.

आणि दक्षिणेकडून बोपच्यांच्या सळया.
त्यांच्या गच्चीवर बावीस वर्षं
वरच्या मजल्याची वाट बघत उभ्या, गंजून तांबड्या.
त्यांच्या सावल्या बारीक, वहीत समास आखल्यासारख्या.
पण मजला चढला
तर आमचं ऊन अकराला मावळणार.

संध्याकाळी कुंपणाशी गेले.
भाऊ, वर बांधून राहिले का तुम्ही?
बोपचे मोटारीचं बटण दाबून पाण्याकडे बघत होते.
म्हणाले, पोट्ट्यासाठी ठेवल्या न त्या सळया.
तो आला मेलबर्नहून वापस, तं बांधू.
थोडं थांबून म्हणाले,
नाही आला तं ऊन तुमचंच हाये, वहिनी.

रात्री ह्यांनी हिशेब मांडला.
तीन किलोवॅट, सबसिडी वजा जाता एवढे,
कोराडीची राख बसते म्हणून दर आठवड्याला धुणं,
सहा वर्षांत पैसे वसूल.
मी म्हटलं, त्यात निखिल बोपचेचा रकाना कुठे आहे?
हे चष्मा काढून बसून राहिले.
त्याला मी सातवीत भूगोल शिकवला होता.
कर्कवृत्त कुठून जातं, ते त्याला कधी सांगता आलं नाही.

तृप्ती आली. टेप धरून गच्चीभर फिरली.
टाकी ईशान्येला न्यावी लागेल म्हणाली,
मग वास्तूचं तुमचं तुम्ही बघा.
लिंबाच्या दोन फांद्या. डिश भंगारात.
उरली ती मधली चौकोनी जागा,
जिथे कुरडया घालायला जातानाही
आम्ही चपला काढत नाही.
इथेच, ती म्हणाली. सळयांचं काय करता ते मात्र ठरवा.

मी म्हटलं, लाव.
एवढ्या सहज म्हटलं की मलाच
बोपच्यांच्या घराकडे बघवेना.

जाताना ती वाकली. मधल्या चौकोनाच्या कडेला
एक आकार होता, खाली रुंद, वर गोल,
बाजूला साडेतीन लिहिलेलं.
ही कशाची सावली, काकू? यादीत नाही.
मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कडुलिंबाकडे.

माझी आहे, म्हटलं. टेप धरून उभी होते तेव्हाची.

मग ठीक, ती म्हणाली, ती हलते,
आणि ओल्या फडक्यानं पुसायला गेली.
हे म्हणाले, राहू दे.