डावीकडची पुढची

फोनवर आउने लेह्तिनेन एवढंच म्हणाली,
"डावीकडची पुढची गेली."
माणूस गेल्यासारखं.

थंडर बेमध्ये त्या दिवशी उणे एकतीस.
व्हॅनचं कुलूप उघडेना,
किल्लीवर फुंकर घालत उभी राहिले.

तिच्या स्टोव्हवर चार कॉइली.
तीन कोऱ्या, आहेरात आलेल्या
आणि कधीच न काढलेल्या ताटांसारख्या.
चौथी चाळीस वर्षं राबलेली :
दोन कप कॉफी, एक अंडं, रात्री बटाटे.
एइनो होता तेव्हा चार कप.

"मग तीन दिवस कॉफी कशावर केलीस?"
"केली नाही."
"या तीन होत्या की."
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी तिला शेजारच्यांच्या पलंगावर
झोपायला सांगितलं होतं.

आधी मेन बंद. हे बाबांकडून.
धान्याच्या गोदामात त्यांचं बोट गेलं होतं,
ते नसलेलं बोट दाखवून सांगायचे,
आवाज चढवावा लागत नसे.

मग कॉइल जराशी वर, आणि आपल्याकडे ओढायची.
दोन दांड्या सुटून हातात येतात.
ती मी मागे उजवीकडे लावून पाहिली, तेवढ्याच मापाची जागा.
मेन चालू. बघता बघता लाल.
"ही मेलेली नाही," मी म्हटलं, "बिघाड तिच्या खाली आहे."
"बहुधा तसंच असतं," आउने म्हणाली.

खाली सॉकेट जळून कोळसा.
दांड्यांच्या टोकांना खड्डे.
अशी जुनी दांडी नव्या सॉकेटलाही जाळते,
बदलायचं तर दोन्ही.

या स्टोव्हची कंपनीच बुडाली,
पण माझ्या भावाच्या भंगारात याचाच जुळा पडून होता.
मागच्या गल्लीतल्या हेल्वी सारिनेनचा.
ऑक्टोबरमध्ये तिची मुलं कॅलगरीहून आली
आणि शनिवार-रविवारात घर रिकामं करून गेली.
हे मी बोलले नाही.
सुट्या भागांना आडनाव नसतं.

मेन पुन्हा बंद.
वायरी कापल्या, सोलल्या,
चिनी मातीच्या टोप्या पिळून बसवल्या, दोन स्क्रू.
आउने टेबलाशी पुल्ला कापत होती,
वेलदोड्याच्या वासाने माझे हात जरा सैल झाले.

"लाव," मी म्हटलं.
तिने नॉब फिरवला.
कॉइल काळी, करडी, मग आतून तांबूस,
आणि एका वळणावरून धूर.
होतं असं, जुनं काही सांडलेलं असतं, मी सांगणार होते.
पण ती वाकली होती. हुंगत होती.

"लाक्का," ती म्हणाली.
दलदलीत येतात ती केशरी फळं. मुरंबा. उतू गेलेला.
"हेल्वी. सगळं मोठ्या आचेवर करायची."

मग उभ्या उभ्या सांगितलं :
लाक्काची ती जागा आउनेची. आईने दाखवलेली.
तिने एकट्या हेल्वीला दाखवली,
हेल्वीने नणंदेला,
नणंदेने सगळ्या चर्चला.
पुढच्या ऑगस्टला तिथे फक्त बुटांचे ठसे.
सव्वीस वर्षं बोलणं नाही.
दफनालाही ही मागच्या बाकावर, कोट न काढता.

खिडकी उघडली तिने. उणे एकतीस आत आलं.
स्टोव्ह मात्र बंद केला नाही.
धूर संपेपर्यंत आम्ही दोघी
काही न बोलता उभ्या.

मी बिल लिहिलं :
सॉकेट एक. कॉइल एक, जुनी. मजुरी.
तिने चष्मा लावून वाचलं,
मधल्या ओळीवर बोट ठेवलं.
"याचे देणार नाही.
तिच्याकडून माझं येणं आहे."

मी ती ओळ खोडली.

तिने कॉफीचं भांडं ठेवलं,
पाणी मोजताना एकदा थांबली,
आणखी थोडं ओतलं,
आणि नॉब एक घर खाली आणला.