तासांचं मीटर

हा ट्रॅक्टर मैल मोजत नाही, तास मोजतो.
स्टिअरिंगच्या आड बोटभर काच,
तिच्यात आज सतराशे बारा, वर चार दशांश.
त्यातले सोळाशे तीस ऑरिन थिबोचे,
उरलेले माझे.

विकताना त्यानं वहीचं पान फाडून दिलं होतं:
तेल कधी, फिल्टर कधी,
मागचं डावं चाक थंडीत किती हवा सोडतं.
आणि तळाशी, वेगळ्या शाईत,
सकाळी त्याला लगेच कामाला जुंपू नका.
पाच मिनिटं नुसतं गुरगुरू द्या.

हेरंब याला रणगाडा म्हणतो
आणि खिडकी लावून मीटिंगला बसतो.
मी कानावर मफ चढवते.
व्हरमाँटचा एप्रिल: बर्फ गेलेलं, गवत आलेलं नाही,
मधे नुसता चिखल.
टपालाची गाडी कालच रुतली होती, तिला साखळीनं ओढली.
ड्रायव्हर पोरगा म्हणाला, थँक यू मॅम,
आणि माझ्या सलवारीकडे बघत राहिला.

तीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून काम केलं.
कीड कोरायची, पोकळी सुकवायची,
भरायची, दाबायची,
चावून बघा, उंच लागतंय का?
म्हणून खड्ड्यांचं मला कुणी शिकवावं लागलं नाही.
वरून खडी ओतली तर दोन पावसांत उडते;
आधी तळापर्यंत खरवडायचं,
कड मोकळी करायची, मग भर.

पण रस्त्याची पाठ मात्र ऑरिननं शिकवली.
मधे उंच, दोन्हीकडे उतार,
अंग फुगवलेल्या मांजरासारखी.
पाण्यानं कुठे जायचं ते तू ठरव,
नाहीतर ते ठरवेल.
मी म्हटलं, आमच्यात म्हणतात
वळणाचं पाणी वळणाला.
मोडक्यातोडक्या इंग्रजीत उलगडून सांगितलं.
त्यानं बराच विचार केला,
टोपी मागे सारली, म्हणाला,
इथंही तसंच जातं.

दर शनिवारी तो येतो. तेल बघायला आलो, म्हणतो.
काडी ओढतो, पँटला पुसतो, पुन्हा बुडवतो,
उजेडात धरतो.
तेल मी शुक्रवारीच बदललेलं असतं,
मधासारखं स्वच्छ, त्याला दिसतं की.
मग तो शेडभोवती एक फेरी मारतो.
बॉक्स ब्लेड जमिनीवर का ठेवलंस,
खाली फळ्या घाल, गंजेल.
बर्चचं खोड ओढलंस वाटतं? उतारावर? बादली खाली होती ना?
होती.
हं.

काडी धरताना त्याचा हात थरथरतो.
त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

टपालपेटीजवळचं वळण मला जमत नाही,
असं मी त्याला सांगून ठेवलंय.
(ऑक्टोबरपासून जमतंय.)
फार वाकडं आहे ते, ऑरिन, ब्लेड कलतंच माझं.
तो खांदे उडवतो, बघू या म्हणतो,
आणि पायरीला हात घालून, गुडघा धरून,
वर चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा लावतो.
मी दुसरीकडे बघते. दगड वेचते.

पाच मिनिटं गुरगुर.
मग सगळंच थरथरतं: सीट, स्टिअरिंग,
बॉनेटवरचा सैल बोल्ट,
मडगार्डवर विसरलेला माझा चहाचा मग.
त्यात हात कुठला नि यंत्र कुठलं,
कुणाला सांगता येणार नाही.
ब्लेड टेकतं. माती दुमडत, दुमडत
बाहेरच्या कडेला सरकते,
आणि मागे वळण उरतं,
पोळी लाटून ठेवावी तसं.

उतरताना मीटर दोन दशांश पुढे.
ते मी माझ्यात धरत नाही.
तो हात पुसतो, रस्त्याकडे न बघता म्हणतो,
पुढच्या पिनेला ग्रीस कमी पडलंय.
कालच घातलंय, मी म्हणते.
कमी पडलंय, तो म्हणतो,
आणि ग्रीसगन शोधायला शेडमधे जातो.
ती कुठे असते ते त्याला माहीत आहे.
मी जागा बदललेली नाही.