उरलेल्यावरून

रबाळ्याच्या लॅबमध्ये पहिल्या आठवड्यात
केणीबाईंनी माझ्याकडून ब्युरेट धुवून घेतलं, सात वेळा.
मग म्हणाल्या, आता सरळ टायट्रेशन कर.

सरळ म्हणजे सोपं.
फ्लास्कमध्ये सायट्रिक आम्ल, वर कॉस्टिक,
एक थेंब, अजून एक, मनगटाचा झोका,
आणि एकदम
पांढऱ्या टाइलवर फिकट गुलाबी.
तीस सेकंद टिकली की थांबायचं.
विचारलं, उत्तर आलं.
मला वाटलं, एवढंच असतं:
नीट विचारणं.

मग ॲसिडिटीच्या गोळ्यांची बॅच आली.
खलात कुटल्या, पाण्यात टाकल्या.
सगळं गढूळ, तळाशी बसलेलं.
आम्लाचा थेंब पडला की जराशी फसफस,
आणि परत गप्प.

बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"चुन्याच्या जातीची आहे ती. थेंबाथेंबाने नाही बोलायची.
तिला आम्ल दे, गरजेपेक्षा जास्त, पण मोजून.
उकळ. गार होऊ दे.
मग तिला सोड,
उरलेल्या आम्लाला विचार."

पन्नास मिली. फेस आला, गेला, पाणी नितळ.
मी नळाखाली फ्लास्क फिरवत होते,
बाई खिडकीशी.
"त्या कूलिंग टॉवरच्या जागी आमचं भात व्हायचं.
किती जमीन गेली, बाबांनी कधी सांगितलं नाही.
विचारलं की तळहातावर चुना घेऊन
तंबाखू मळत बसायचे.
ते गेल्यावर ट्रंकेत सातबारा सापडला.
उरलेले तीन गुंठे."

मी खिडकीबाहेर बघत राहिले
आणि फ्लास्कमध्ये रंग
जास्वंदीसारखा गडद झाला.

"पुढे गेलीस. परत."

परत कुटणं, परत उकळणं.
शेजारी गोळी न घातलेला रिकामा फ्लास्कही,
कारण आधी किती होतं हे माहीत नसेल
तर उरलेल्याला अर्थ नाही.
"त्यासाठी मी ठाण्याला तीन खेपा घातल्या," बाई म्हणाल्या,
"जुने फेरफार काढायला."
पुढे काही बोलल्या नाहीत.

रिकामा: एकोणपन्नास पूर्णांक आठ.
गोळीचा: अठरा पूर्णांक तीन.
मधले साडेएकतीस
तिने न सांगता घेतलेले.

बाईंनी वजाबाकी दोनदा तपासली,
आकड्याखाली सही केली,
आणि पेनाचं टोपण शोधत राहिल्या
बराच वेळ,
ते त्यांच्या डाव्या मुठीतच होतं.