पत्ता, पाणी चढेपर्यंतचा

फुल्बेर, बांबारीहून येणारा ट्रक
तुला बाराव्या किलोमीटरला उतरवेल.
आमच्या शहराला नावं ठेवणारे पुष्कळ,
नाव द्यायला मात्र बऱ्याच जागी कुणाला सवड झाली नाही.
म्हणून आम्ही अंतरांनाच हाका मारतो:
बारावा, पाचवा,
आणि खाली नदीजवळ शून्य.

तिथून पिवळी टॅक्सी कर.
पुढे दोघं, मागे चौघं, कोंबड्या वेगळ्या.
भांडलास तरी चालेल, पण डावी खिडकी घे,
कारण टेकडी डावीकडे आहे.
तिच्या अंगावर मोठाली अक्षरं दिसतील,
बांगी, आणि पुढे नखरेल असं काहीतरी.
वाचून हसू नकोस. नवखाच हसतो.

टेकडी मागून ढकलते, नदी पुढून अडवते,
मधल्या चिंचोळ्या जागेत
आम्ही कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईसारखे
एका अंगावर झुकून राहतो.

शून्यापाशी उतर.
शून्यात पाहण्यासारखं काही नाही.
एक चौक, आणि हंगाम असला तर
पेल्याने सुरवंट मोजून विकणारी एक बाई.
तिथून नाकासमोर चालत ये,
रस्ता संपेल आणि नदी लागेल.
पलीकडे दिसतं ते झोंगो, दुसरा देश.
वारा तिकडून असला
की तिथलं लग्न माझ्या घरात वाजतं.
नदीच्या मधोमध सीमा आहे म्हणतात.
चाळीस वर्षं जाळं टाकते आहे,
अजून सापडली नाही.

आता डावीकडे वळ, पाण्याच्या उलट.
नदी पूर्वेकडून येते
आणि आपल्या दारात, काही विसरल्यासारखी,
दक्षिणेला वळते.
थोडं वर ती खडकांशी भांडते.
त्या भांडणाचंच नाव शहराला पडलं,
असं आमच्याकडचे म्हातारे सांगतात.
खालून आलेले मोठे पडाव ते ऐकतात
आणि इथेच थांबतात.

पुढे तुरुंगाची भिंत. ती ओलांड,
म्हणजे शेजारून.
मग वांगोचा बाजार, मग आंबा,
आंब्याखाली तेओफिल न्हावी.
त्याला नुसतं सिदोनी विचारू नकोस,
सिदोनी इथे तीन आहेत.
धुराची सिदोनी म्हण.
मासळी भाजून भाजून मला तो वास लागला आहे,
तुला तो दारापर्यंत आणेल.

पण हा पत्ता सप्टेंबरपर्यंतचा.
त्यानंतर नदीच
घर विचारत विचारत वर येते.
गेल्या खेपेला तेओफिलची खुर्ची नेली,
आरसा ठेवला.
तो म्हणतो, तिला स्वतःला पाहायचं नसेल.

माझ्या भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत,
प्रत्येक पुराची एक.
त्यांतली एक पाण्याची नाही.
तुझी आई दहा वर्षांची होती,
टाचा उचलून उभी राहायची, लबाड,
मी डोक्यावर हात दाबून ती रेघ मारली होती.
भिंत दोनदा पडली, दोनदा लिंपली,
रेघ मी दोन्ही वेळा आठवणीने पुन्हा काढली.
वीतभर चुकली असेल.
गेल्या ऑक्टोबरात पाणी
तिच्या हनुवटीपर्यंत आलं आणि थांबलं.
तीन दिवस मी माळ्यावर बसून
खाली पाहत होते, दोघींकडे.

तर, ऑक्टोबरात येणार असशील
तर टॅक्सीचे पैसे वाचव,
शून्यापाशी होडी कर.
नावाड्याला सांग, खडकांचा आवाज समोर ठेव,
टेकडी डाव्या हाताला.
पत्र्याचं छप्पर, त्यावर फणसाएवढा दगड,
आणि धूर दिसला तर मी आहे.

येताना काडेपेटी आण.
खिशात नको,
टोपीत ठेव.