पश्चिमेकडची भिंत

आमच्या भागात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं.
तळघरात रोज.

आधी मागाच्या खड्ड्यात साचतं,
जिथं पावड्यांवर सासऱ्यांचे पाय असायचे.
माग भंगारात गेला, खड्डा बुजवायचा राहिला.
मग फरशीच्या सांध्यांतून वर येतं,
मग पश्चिमेच्या भिंतीला खार फुटतो,
पांढरा, केसाळ.
बोटानं चाखला तर खरंच खारट.
मी चाखलाय.

तीन वर्षांत काय काय फासलं तिला.
डांबर. पांढरं सिमेंट. जाहिरातीतला निळा डबा.
शेवटी लाकडासारखा दिसणारा कागद,
म्हटलं, दिसायला तरी बरं.
दिवाळीपर्यंत टिकला.
संक्रांतीला मागं हात घातला
तर भिजवलेल्या पोह्यांसारखं प्लास्टर
मुठीत आलं.

ह्यांचं ठरलेलं : हिरेमठांचा हौद.
कंपाउंडला लागून आहे, जुना आहे,
अन् माणूस कानडीत पुटपुटतो, म्हणजे लपवतोच काहीतरी.
(आम्ही घरात तेलुगूत पुटपुटतो, ते वेगळं.)
गुरुपादय्यांच्या नातीच्या बारशाचं बोलावणं आलं,
मी कळवलं, डोकं दुखतंय.

दस्तगीर गवंडी चप्पल पायरीवर काढून खाली उतरला.
पेचकसाच्या मुठीनं भिंत ठोकली,
प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवला
आणि दोन दिवस फिरकलाच नाही.
आला तेव्हा थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला.
"हवेचा दमटपणा नाही वैनी. भिंतीतनंच येतंय.
हौदात रंग टाकून बघा की."
त्यांच्या?
"पहिलं आपल्या."

फळीवर सासऱ्यांचा पत्र्याचा डबा होता,
चादरीच्या काठासाठी आणलेला मजेंटा.
दगड झालेला, तरी नखानं खरवडला की जिवंत.
नळ नुकताच येऊन गेलेला, हौद काठोकाठ,
पाच दिवसांचं पाणी.
ह्यांनी तोंड फिरवलं.
मी डबा उपडा केला.

तिसऱ्या पहाटे बॅटरी घेऊन खाली गेले.
भिंत लाजली होती.
सांध्यापाशी एक बारीक धागा,
खाली उतरत उतरत रुंदावलेला.
आमचाच हौद.
टंचाईच्या साली खोदणाऱ्याला
"अजून दोन फूट, अजून दोन फूट" म्हणत
आम्हीच तळघरापर्यंत ओढून आणलेला.

घरात प्यायला दीड कळशी.
कंपाउंडपाशी उभी राहिले, वाक्य जुळवत.
गुरुपादय्यांनी माझे हात पाहिले,
मनगटापर्यंत रंगलेले.
विचारलं काहीच नाही.
पाइप भिंतीवरून टाकला :
"भरलं की हाक मारा."

हौद उपसला. गटार दोन दिवस लग्नघरासारखं वाहिलं.
दस्तगीरनं आतून सांधा फोडला,
निरोगी सिमेंट लागेपर्यंत फोडत गेला,
कोपऱ्यांना वाटा मारला, वर दोन हात गिलावा.
मग सात दिवस
सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं.
पाणी थांबवायलाही भिंतीला पाणीच पाजावं लागतं,
तेही हिरेमठांचं.

आता खार झाडला की परत येत नाही.
दस्तगीर म्हणाला, आतून वर्षभर रंग लावू नका,
तिला वाळू दे.
म्हणून डाग आहे तसाच आहे.
हे म्हणतात, निदान खड्डा तरी बुजवू.
मी म्हटलं, राहू दे,
पाणी पुन्हा आलं तर आधी तिथंच कळेल.

परवा हिरेमठांची नात आली,
खड्ड्यात पाय सोडून बसली.
अडीच वर्षांची, बारसं मी चुकवलेली.
भिंतीकडं बोट करून म्हणाली,
"कुणी सांडलं?"

मी सांडलं, म्हटलं.