सांस रोको

बैंगनवाडीच्या आरोग्य केंद्रात
खोली नंबर चारवर अजून पाटी आहे : क्ष-किरण तज्ज्ञ.
खालचं नाव खरवडून काढलंय.
डॉक्टर दुभाषे निवृत्त झाले त्याला साडेतीन वर्षं झाली.
जागा भरली नाही, खुर्ची मात्र स्टोअरवाल्यांनी लगेच नेली.
त्या जागी मार्चमध्ये एक डबा आला,
जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा,
आणि एक पोरगा, जो तो जोडून
पेढे मागून गेला.

मी इथली फोटोवाली.
बावीस वर्षं छात्या काढते.
सांस लो. रोको. छोडो.
दिवसाला साठ-सत्तर माणसं माझ्या सांगण्यावरून श्वास घेतात
आणि माझ्याच सांगण्यावरून सोडतात.
एवढी सत्ता वॉर्ड ऑफिसरलाही नाही.

पूर्वी लाल दिव्याखाली, डेव्हलपरच्या टाकीत
बरगड्या हळूहळू वर यायच्या.
बोटांचा आंबूस वास जायचा नाही,
माहेरी गेले की वहिनी म्हणायची, तू भाकरी थापू नकोस.
आता माणूस शर्टाची बटणं लावेपर्यंत
डबा आकडा टाकतो.
साठच्या वर लाल.

खोटं कशाला बोलू,
पहिल्याच आठवड्यात त्यानं मला पकडलं.
शगुफ्ता. वय एकोणीस. ओढण्यांना टिकल्या चिकटवते.
मी पाहिलं : स्वच्छ.
डबा म्हणाला : त्र्याऐंशी.
हासळीच्या मागे, जिथं दोन हाडं एकमेकांवरून जातात,
तिथं कणीएवढं धुकं.
थुंकीचा रिपोर्ट आला. डबा बरोबर.

त्या रात्री मला झोप लागली नाही.
ही एक सापडली म्हणून नव्हे.
बावीस वर्षांत अशा किती जणींना
‘जा गं, काही नाही’ म्हणून घरी धाडलं,
ते मोजत पडले होते.

मग ऑगस्टात किसन पाईकराव आले, गुडघ्यांसाठी खरं तर,
पण सध्या सगळ्यांचीच छाती काढायचा हुकूम आहे.
एक्याण्णव. लाल.
पाईकराव हसले. म्हणाले,
‘बाई, ही जुनी. तुम्हीच काढली होती,
तुमची नोकरी नवी होती तेव्हा.’
खरंच. आठ महिने गोळ्यांचे रिकामे पत्ते
मला दाखवायला आणायचा हा माणूस,
शाळेतल्या पोरानं पाटी दाखवावी तसा.
भरलेली जखम आणि वाहती जखम, डब्याला दोन्ही सारख्या.
लाखो छात्या पाहिल्यात म्हणे त्यानं.
एकच छाती दोनदा कधी पाहिली नसावी.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी
दोन केंद्रांना मिळून एकच टेक्निशियन पुरेल.
मी विचारलं, या छात्या जातात कुठं?
साहेबांनी वर बघितलं. वर पंखा होता.

शगुफ्ता गोळ्या न्यायला आलीच नाही.
यादीत तिच्यापुढे लाल ठिपका, रोज तेवढाच लाल.
फोन भावाचा. तो म्हणाला, राँग नंबर.
पत्ता : गल्ली तेरा, टाकीच्या मागे.
टाकी गेल्या वर्षीच पाडली.
मी आणि आशाताई, दोघी विचारत विचारत गेलो,
भंगारवाला, मग शिलाईवाला, मग एक बकरी बांधलेलं दार.
डोक्यावरून देवनारच्या घारी.

आईनं दार अर्धं उघडलं.
‘यहाँ कोई शगुफ्ता नहीं रहती.’
आत खाटेवर कार्डांचा गठ्ठा, सोनेरी,
लग्नाला तीन आठवडे.
पडदा हलत नव्हता.
न येणारा आवाज मला कळतो;
बटण दाबायच्या आधीचा तो क्षण
मी बावीस वर्षं कान देऊन ऐकलाय.
पडद्यामागे कुणीतरी
श्वास धरून उभं होतं.

आशाताईनं पिशवीतली गोळ्यांची पाकिटं चाचपली.
मी आईकडे पाहिलं नाही.
पडद्याकडे तोंड करून, नेहमीच्याच आवाजात,
म्हणाले :
छोडो.

थोडा वेळ लागला.
मग खोकला आला.