कासा ला सिया, अठरा नग

पॅकिंगच्या टेबलावर पत्ते वाचणारी मी एकटी.
बाकीच्या नग मोजतात, डझन बांधतात, पट्टी ओढतात.
मी खोक्याच्या कडेला छापलेलं गाव
ओठांनी चाचपून बघते,
बोटांनी टॉवेलचा काठ चाचपावा तसं.

बार्सिलोना सोपं. दर पंधरवड्याला कंटेनरभर,
निळे-पांढरे पट्टे, समुद्रावर अंथरायचे.
भाच्यानं फोनवर दाखवलं, वाळू दिसतच नाही,
आमचेच टॉवेल, आणि टॉवेलांवर माणसं,
यात्रेत देवळाबाहेर चपला पडतात तशी.
मी म्हटलं, पुढं ढकल बाबा,
एवढी गर्दी बघायला स्पेन कशाला,
संक्रांतीला होम मैदानावर जाते की मी.

मला आवडतात लहान ऑर्डरी.
सोरियाची. सामोराची. तेरुएलच्या डोंगरातली.
साठ नग, पन्नास नग,
एका हॉटेलचे तर बेचाळीसच,
कोपऱ्यात तपकिरी धाग्यानं नाव भरायचं,
कासा ला सिया, वाल्देनिएब्ला.
भरतकामाच्या मशीनवरचा इरय्या वैतागायचा,
एवढ्याशासाठी रीळ बदला, फ्रेम लावा.
मी मात्र त्या खोक्याची चिकटपट्टी
जरा सरळ ओढायचे.

बेचाळीस म्हणजे खोल्या किती?
रात्री कडक भाकरी मोडत हिशेब केला,
घरच्या तेलुगूत, हिशेब मला तिच्यातच येतो.
खोलीला दोन मोठे, दोन लहान,
काही धुण्यात, एखादा पाहुणा घेऊन जाणारच.
सात खोल्या. फार तर आठ.

शोध, म्हटलं भाच्याला.
फोनलाही बराच वेळ सापडेना ते गाव.
मग एकच फोटो आला. उतरती गल्ली,
दुपार, सगळ्या खिडक्या मिटलेल्या,
एका दाराबाहेर वेताची खुर्ची. माणूस नाही.
सिया म्हणजे खुर्चीच, मावशी, तो म्हणाला.
ती दुपार मी ओळखली.
मे महिन्यात विडी घरकुलात तीच असते,
पारा बेचाळीसवर, कुत्रंसुद्धा गटारीच्या सावलीला.
फक्त आमच्याकडं खुर्ची आत घ्यावी लागते.

तिथं कोण जात असेल?
आमच्या स्टेशनवर उतरणारे विचारतात,
अक्कलकोटची गाडी कुठं लागते, तुळजापूरची कुठं.
सोलापुरात बघायचं काय, असं
मला तरी अजून कुणी विचारलं नाही.
त्या गावाचंही तसंच असेल.
कुणी वाट चुकलेला, नाहीतर मुद्दाम
वाट वाकडी करून आलेला,
संध्याकाळी पोचतो, अंघोळ करतो,
आणि तोंड पुसताना थोडा वेळ
आमच्या सुताच्या आत श्वास घेतो.

दुसऱ्या वर्षी तीस. मग चोवीस.
यंदा अठरा, विणून, भरून, घडी घालून तयार,
आणि ऑफिसातून चिठ्ठी आली, थांबवा.
चिठ्ठीत कारण लिहायला जागा असते.
ती रिकामी होती.

नावाचा माल दुसऱ्याला चालत नाही.
अठराच्या अठरा सेकंडच्या ढिगात,
तिथून मंगळवार बाजारात, सत्तरला एक.
इरय्यानं घेतला, बायकोला सांगितलं इम्पोर्टेड आहे.
मीही घेतला, दुसऱ्याच दिवशी वापरायला काढला,
पेटीत ठेवून काय त्याची पूजा करायची?

काल सुट्टीनंतर अशोक चौकात चहाला थांबले.
टपरीवाल्याच्या खांद्यावर तपकिरी अक्षरं,
एक कोपरा दुधानं कडक झालेला.
काय लिहिलंय ओ त्यावर, मी विचारलं.
काय की, म्हणाला, कंपनीचं नाव असंल.
बसा की.
आणि खुर्ची पुढं सरकवली,
एक पाय तारेनं बांधलेली.